उंची वाढवण्याच्या शस्त्रक्रियेचा निर्णय घेण्यापूर्वी काय पडताळून पाहावे

आपली उंची कमी आहे या विचाराने जे तरुण त्रस्त आहेत आणि पायांची हाडे लांबवून घेण्याचा गांभीर्याने विचार करत आहेत, त्यांच्यासाठी हे लिहिले आहे. उंचीवरून होणारी चेष्टा शाळेच्या प्रार्थनेच्या रांगेत सुरू होते आणि लग्नाच्या वयात 'मुलगा चांगला आहे, पण उंचीत मार खातो' या वाक्यापर्यंत येऊन पोहोचते. त्यामुळे हे दुःख क्षुल्लक आहे असे कोणी म्हणू नये. मात्र ज्या उपायात धडधाकट पायांची हाडे कापावी लागतात, तो निवडण्याआधी काही गोष्टी क्रमाने तपासल्या पाहिजेत, आणि हा क्रम शल्यविशारदाच्या दवाखान्यापासून सुरू होत नाही.

सर्वप्रथम उंची नीट मोजून घ्यावी. सकाळी उठल्यावर, अनवाणी, टाचा आणि पाठ भिंतीला टेकवून व नजर समोर ठेवून दुसऱ्याकडून मोजमाप करून घ्यावे. मणक्यांमधील चकत्या दिवसभराच्या भाराने दबत असल्यामुळे संध्याकाळी हाच आकडा साधारण एक सेंटीमीटरने कमी भरतो. भारतीय पुरुषांची सरासरी उंची सुमारे १६५ ते १६६ सेंटीमीटर, म्हणजे जवळपास साडेपाच फूट आहे. पडद्यावरच्या नायकांशी आणि खेळाडूंशी तुलना करून स्वतःला ठेंगणा समजणारे कितीतरी तरुण प्रत्यक्षात या सरासरीच्या आसपासच असतात.

वय अठरा-एकोणीसच्या आत असेल तर वाढ खरोखर थांबली आहे का, हे पाहावे. हाडांच्या टोकांजवळील वाढीच्या कूर्चा, म्हणजे हाड लांबवणारे मऊ थर, मिटल्या आहेत की नाहीत हे मनगटाच्या एक्स-रेवरून कळते आणि संप्रेरकतज्ज्ञ त्यावरून पुढील शक्यता सांगू शकतात. त्या मिटल्यानंतर कोणतीही पावडर, गोळी, लोंबकळण्याचा व्यायाम किंवा वाढीचे इंजेक्शन हाड लांब करू शकत नाही. अशा वस्तूंवर पैसे घालवणे तत्काळ थांबवावे.

यानंतर शस्त्रक्रियेचे स्वरूप समजून घ्यावे. सैबेरियातील कुर्गान येथे गाव्रिल इलिझारोव्ह या सोव्हिएत शल्यविशारदाने १९५० च्या दशकात विकसित केलेल्या पद्धतीवर ती उभी आहे. मांडीचे किंवा नडगीचे हाड काळजीपूर्वक कापतात, पाच ते सात दिवस थांबतात आणि मग त्याची दोन टोके रोज सुमारे एक मिलिमीटर, तेही बहुधा पाव-पाव मिलिमीटरच्या चार टप्प्यांत, एकमेकांपासून दूर नेतात. त्या फटीत शरीर नवे हाड तयार करते. हे ताणणे पायाबाहेर बसवलेल्या धातूच्या कड्यांनी होते किंवा हाडाच्या पोकळीत बसवलेल्या, बाहेरून चुंबकाने लांबवता येणाऱ्या खिळ्याने होते. ही पद्धत मुळात न जुळलेली, वाकडी झालेली किंवा एका बाजूला आखूड राहिलेली हाडे सुधारण्यासाठी घडली, आणि त्या कामात तिने असंख्य लोकांना पुन्हा चालते केले आहे. निरोगी पायांवर ती करताना मात्र तराजूच्या दुसऱ्या पारड्यात कोणताही आजार नसतो, एवढा फरक कायम ध्यानात ठेवावा.

जाहिरातीत सेंटीमीटर दिसतात, महिने दिसत नाहीत. म्हणून हिशेब स्वतः करावा. पाच सेंटीमीटर वाढवायचे म्हटले तर ताणण्यालाच पन्नास दिवस लागतात. त्यानंतर नवे हाड पक्के होण्यास दर सेंटीमीटरमागे साधारण एक महिना, अनेकदा त्याहूनही अधिक काळ जातो. या काळात कुबड्या किंवा वॉकर लागतो, रोज फिजिओथेरपी करावी लागते आणि रात्रीची झोप वेदनेमुळे मोडते. धावणे व खेळ यांकडे परतायला बहुतेकांना वर्षभर तरी लागते आणि काही जणांचा पूर्वीचा वेग परत येत नाही. नोकरीतून इतकी रजा मिळेल का, घरात कमोड आहे का, जिने किती आहेत आणि पहिले काही महिने सोबत कोण राहणार आहे, या प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहून काढावीत.

हाड वाढते, पण स्नायू, शिरा आणि मज्जातंतू त्याच वेगाने वाढतीलच असे नाही, आणि बहुतेक गुंतागुंती येथूनच उद्भवतात. पोटरीचा स्नायू आखडून टाच जमिनीला टेकेनाशी होते, गुडघा पूर्ण वाकत किंवा सरळ होत नाही, मज्जातंतू ताणला गेल्याने पाऊल वर उचलता येत नाही. बाहेरच्या कड्यांच्या तारांजवळ जंतुसंसर्ग होणे तर नेहमीचेच आहे. याशिवाय हाड न जुळणे, वाकडे जुळणे आणि रक्ताची गुठळी फुप्फुसात जाणे हे धोकेही आहेत. आतील खिळा म्हणजे सुरक्षिततेची हमी नव्हे: पूर्ण भार सोसेल म्हणून गाजलेला एक खिळा गंज आणि सभोवतालच्या हाडातील बदल आढळल्याने २०२१ मध्ये परत घेण्यात आला. चीनने तर २००६ मध्येच केवळ सौंदर्यासाठी अशी शस्त्रक्रिया करण्यास बंदी घातली.

आता सर्वांत महत्त्वाची तपासणी, जी बहुतेक जण टाळतात. उंचीचा विचार दिवसातून एक तास किंवा अधिक वेळ मनात घोळतो का? फोटोत मागे उभे राहणे, उंच मित्रांबरोबर जाण्याचे टाळणे, बुटात जाड तळवे घालून ते उघडे पडण्याच्या भीतीने लोकांच्या घरी न जाणे, असे घडते का? उत्तर होकारार्थी असेल तर हा शरीरप्रतिमेचा विकार असू शकतो आणि त्याचा उपचार मानसोपचारतज्ज्ञाकडे आहे. अशा स्थितीत शस्त्रक्रियेने सहसा समाधान मिळत नाही. मन नवा आकडा अपुरा ठरवते किंवा नाक, केस, खांदे असा दुसरा दोष शोधते. विचार-वर्तन उपचारपद्धतीने आणि आवश्यक तेथे औषधांनी हा त्रास कमी होतो. केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेत १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य व मराठीतूनही बोलता येते. माझे स्पष्ट मत असे की, मानसोपचारतज्ज्ञाकडे काही महिने नियमित गेल्याशिवाय कोणीही या शस्त्रक्रियेची तारीख ठरवू नये, आणि मानसिक मूल्यमापनाशिवाय तारीख देणाऱ्या शल्यविशारदाकडे पुन्हा जाऊ नये.

आपल्याकडे भरतीसाठी उंची हवी असणारी मुले पुष्कळ आहेत, त्यांच्यासाठी थोडे सविस्तर सांगतो. महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीत पुरुषांसाठी किमान उंची १६५ सेंटीमीटर आहे. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांच्या शिपाई भरतीत सर्वसाधारण निकष १७० असला तरी मराठा उमेदवारांना १६५ पर्यंत आणि अनुसूचित जमातीच्या उमेदवारांना १६२.५ पर्यंत सवलत मिळत आली आहे, म्हणून जाहिरातीतील सवलतींचा भाग प्रमाणपत्रांच्या अटींसह शेवटपर्यंत वाचावा. दोन-तीन सेंटीमीटरसाठी हाड कापून घेणाऱ्याला राज्य पोलीस भरतीत त्याच पायांनी १६०० मीटर धावायचे असते आणि पुढे वैद्यकीय तपासणीही असते. तेथे शरीरातील खिळा, शस्त्रक्रियेचे व्रण किंवा आखडलेला सांधा यांमुळे तो अपात्र ठरू शकतो. भरतीसाठी ही शस्त्रक्रिया करू नये, असे मी निःसंकोच सांगतो. उंचीची अट नसलेल्या सरकारी परीक्षांची तयारी त्याच वर्षात होऊ शकते.

इतके करूनही विचार कायम राहिला, तर वेगवेगळ्या रुग्णालयांतील दोन तज्ज्ञांचे मत घ्यावे. वैद्यक परिषदेच्या नोंदवहीत त्यांची नोंदणी व पदवी पाहावी. केवळ उंचीसाठी किती रुग्णांवर शस्त्रक्रिया केली, त्यांपैकी किती जणांना दुसऱ्यांदा शस्त्रक्रियागृहात न्यावे लागले आणि दोन वर्षांपूर्वीच्या रुग्णाशी बोलता येईल का, हे थेट विचारावे. खर्च लेखी मागताना खिळा काढण्याची शस्त्रक्रिया, फिजिओथेरपी आणि गुंतागुंत झाल्यास येणारा खर्च त्यात धरला आहे का, हे पाहावे. आरोग्य विमा सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रियेचे पैसे देत नाही आणि कर्ज काढून हे करणे म्हणजे चालता न येणाऱ्या महिन्यांत हप्ते भरणे होय. तंबाखू व सिगारेट हाड जुळण्यात अडथळा आणतात, त्यामुळे ती सोडता येत नसतील तर विचार तेथेच थांबवावा.

घरच्यांपासून हे लपवू नये. २०१६ मध्ये हैदराबाद येथे एका तरुणाने आईवडिलांना न सांगता ही शस्त्रक्रिया करून घेतली आणि त्यांना ते नंतर कळले. तो वाद वैद्यक परिषदेपर्यंत गेला. परवानगीसाठी नाही, तरी उचलून बसवणारे हात लागणार आहेत म्हणून सांगावे.

ज्यांची शस्त्रक्रिया झालेली आहे त्यांनी ताणण्याच्या काळात पाऊल वर उचलता न येणे, बोटे बधिर होणे, एकाच पायाची पोटरी सुजून दुखणे, तारेजवळून पू येणे किंवा ताप येणे यांपैकी काहीही दिसल्यास त्याच दिवशी शल्यविशारदाला कळवावे आणि ताणणे थांबवायचे का, हे विचारावे. अचानक धाप लागली किंवा छातीत दुखले तर फोनवर वाट न पाहता जवळच्या मोठ्या रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात जावे. ठरलेले सेंटीमीटर पूर्ण होण्याआधी डॉक्टरांनी थांबायला सांगितले तर तेथेच थांबावे.