जुन्या पिकअपला पुढे हिच बसवताय? या चुका टाळा

कांद्याची ट्रॉली अरुंद कांदाचाळीत रिव्हर्समध्ये घालताना मान दुखते आणि खांबही जातात. गाडीच्या पुढे हिच, म्हणजे ट्रॉली अडकवायची जोडणी असेल तर ट्रॉलीचं टोक डोळ्यांसमोर राहतं. निफाड-लासलगावकडे जुन्या पिकअपला असे हिच आता दिसू लागलेत. त्यातले बरेच चुकीचे बसवलेले असतात, आणि चुका त्याच त्याच असतात.

पहिली चूक म्हणजे हिच बंपरवर बसवणं. बंपर फक्त किरकोळ धक्क्यापुरता असतो, भार घेण्यासाठी नाही. हिचच्या पट्ट्या चासीच्या, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याच्या, पुढच्या दोन्ही टोकांनाच धरल्या पाहिजेत. जुन्या गाडीत त्याआधी टोकांचा चिखल-गंज तारेच्या ब्रशने खरवडा आणि हातोडीने ठोकून बघा. पत्रा खणखणीत वाजायला हवा. आवाज बद्द आला तर पुढचं काम थांबवा.

सगळ्यात जास्त नुकसान करणारी चूक मात्र बाहेरून दिसतही नाही. चासीची टोकं डब्यासारखी बंद असतील आणि बोल्ट आरपार घातला, तर आवळताना दोन्ही भिंती आत दबतात. एका पिकअपला एम १२ चे (१२ मिमी जाडीचे) बोल्ट पान्याला पाइप लावून आवळले होते. तिसऱ्या दिवशी ते ढिले झाले, पुन्हा आवळले, भिंत आणखी आत गेली. पंधरा दिवसांत भोकं लांबट झाली, डावी पट्टी सरकली आणि भरलेल्या ट्रॉलीचा दांडा चाळीच्या खांबात घुसला. शेवटी चासीचा तो भाग कापून नवा पत्रा जोडावा लागला. बोल्ट वारंवार ढिला होत असेल तर आवळत बसू नका, आत काय दबतंय ते शोधा.

यावर इलाज म्हणजे स्लीव्ह, म्हणजे डब्याच्या आत बोल्टभोवती बसणारी नळी; ती भिंतींना आत दबू देत नाही. आतून १३ मिमी, भिंत ४ मिमी जाडीची नळी घ्या आणि डब्याच्या आतल्या रुंदीइतकीच कापा. रुंदी व्हर्नियरने (बारीक माप घेणाऱ्या पट्टीने) मोजा. अर्धा मिमी आखूड पडली तरी भिंत तेवढी दबणारच. हॅकसॉने कापलेली नळी तिरकी बसते, म्हणून टोकं लेथवर सरळ करून घ्या. नाशिकच्या सातपूर-अंबड एमआयडीसीत कोणताही टर्नर (लेथवाला) हे करून देईल. बंपर काढला की चासीच्या उघड्या तोंडातून स्लीव्ह आत सरकवता येते. मग ८.८ ग्रेडचे मजबूत बोल्ट आणि नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेले, सहज न सुटणारे), टॉर्क म्हणजे आवळायचा जोर साधारण ८० न्यूटन मीटर. भोक गॅस कटरने कधीच पाडू नका. आधी ६ मिमीचं, मग १३ मिमीचं ड्रिल, तेही चासीच्या उभ्या भिंतीत मध्यभागी. चासीच्या वरच्या-खालच्या बाजूत भोक पाडलं तर चासीची ताकद तिथेच कमी होते.

रंगाची घाई नको. जिथे पट्टी चासीला चिकटते तिथे जाड रंग असेल तर तो दबतो आणि बोल्ट सैल पडतो. तिथे प्रायमरचा पातळ हातच पुरे. वेल्डिंग करायचंच असेल तर आधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढा.

हिचवरचा ५० मिमीचा बॉल आणि त्यावर बसणारा ट्रॉलीचा दोन इंची कपलर ही जोडी जमवू नका. फरक ०.८ मिमीचा आहे, पण कपलर खिळखिळा राहतो.

आणखी एक गोष्ट लोक विसरतात, ती म्हणजे पुढच्या वजनाने मागची चाकं हलकी होतात. हिचवर १०० किलो, हिच पुढच्या अॅक्सलच्या ०.८ मीटर पुढे आणि चाकांमधलं अंतर ३ मीटर धरलं, तर पुढच्या अॅक्सलवर १२७ किलो वाढतात आणि मागचे २७ कमी होतात. इंजिनाचा जोर मागच्या चाकांवर असलेल्या गाडीची चाकं पावसाळ्यात काळ्या मातीत तेवढ्यानेच जागच्या जागी फिरत बसतात. हौद्यात दोन-तीन गोण्या टाकून ठेवा.

हिच कायमचा ठेवू नका. ५० मिमी चौकोनी पाइप सरकेल असा रिसीव्हर आणि १६ मिमीची पिन ठेवा, म्हणजे काम झालं की बॉलसकट पुढचा भाग काढता येतो. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने बुलबार, क्रॅश गार्ड अशा बंपरपुढच्या लोखंडी गार्डवर कारवाई करायला राज्यांना कळवलं आहे, आणि पुढे आलेलं लोखंड रस्त्यावरच्या माणसाला खरोखर घातक असतं. ट्रॉली पुढे लावून रस्त्यावर तर जायचंच नाही. शेतात, अंगणात, चाळीत, चालत्या माणसाच्या वेगानेच.

पहिल्या दिवसाच्या कामानंतर प्रत्येक बोल्टवर टॉर्क रेंच फिरवून बघा. एखादा सुटलेला आढळला तर पट्टी उघडून स्लीव्ह तपासा.