‘आमचा क्लास कमजोर आहे’ म्हणण्याआधी या चुका टाळा

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या ऑनलाइन गेममध्ये पॅच (गेममधले नवे बदल) आला की गिल्ड (खेळाडूंचा संघ) चॅटवर ठरलेली ओरड सुरू होते: आमच्या क्लासची, म्हणजे कॅरेक्टरच्या प्रकाराची, वाट लावली! कधी ती खरीही असते. पण या गेमच्या जुन्या रूपात, म्हणजे क्लासिकमध्ये, बरेच जण हातचा चांगला कॅरेक्टर सोडून दुसरा क्लास लेव्हल 1 पासून वाढवायला घेतात आणि तिथेही तेच रडगाणं गातात. म्हणून आधी दोष नेमका कुठे आहे ते शोधा.

पहिल्यांदा हिट (स्पेल शत्रूला लागण्याची शक्यता) तपासा. लेव्हल 60 च्या वॉरलॉकचे (हा एक जादूगार क्लास) 17 टक्के स्पेल (मंत्र) लेव्हल 63 च्या बॉसवर (मोठ्या शत्रूवर) वाया जातात. गिअर (अंगावरची शस्त्रं-चिलखत) आणि टॅलेंटमधून (निवडलेल्या कौशल्यांतून) 16 टक्के हिट मिळवता येतं. उरलेला 1 टक्का कुणालाच चुकत नाही. हे न बघता नुसती स्पेल पॉवर वाढवत बसलात तर मागे पडणारच.

डॅमेज मीटरवर (कोणी शत्रूचं किती नुकसान केलं ते दाखवणाऱ्या यादीवर) डोळे झाकून विश्वास ठेवणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. फायर मेजचं (आगीचे स्पेल वापरणाऱ्या मेज या जादूगार क्लासचं) इग्नाइट घ्या. फायर स्पेलचा क्रिट (नशिबाने बसणारा जास्त जोराचा फटका) बसला की बॉस पेट घेतो, पण इग्नाइट बॉसवर एकच राहतं. बाकीच्या मेजचे क्रिट त्यातच भर घालतात आणि सगळं डॅमेज मात्र ज्याने ते पहिल्यांदा लावलं त्याच्या नावावर जमा होतं. थ्रेटही (बॉसचा राग) त्याच्याच माथी. मीटरवर तो एकटा सगळ्यांच्या वर दिसतो, बाकीचे झोपा काढतायत असं वाटतं, आणि थोड्या वेळात बॉस वळून त्यालाच आडवा करतो. हा आकडा बघून रेडच्या (अनेक खेळाडूंनी मिळून करायच्या मोहिमेच्या) लीडरने बाकीच्या मेजना बाहेर बसवलं, तर पुढच्या रेडला पहिल्याचाही आकडा कोसळतो. शमन या क्लासवर तर मला हा अन्यायच वाटतो. बर्निंग क्रुसेडमध्ये (क्लासिकनंतरच्या विस्तारात) ब्लडलस्ट या स्पेलमुळे त्याच्या पाच जणांच्या ग्रुपचा वेग 40 सेकंदांसाठी 30 टक्क्यांनी वाढायचा, पण ते जादा डॅमेज मीटरवर दिसायचं हंटर आणि वॉरलॉक अशा दुसऱ्या क्लासच्या खात्यात.

टियर लिस्ट (क्लासची ताकदीनुसार क्रमवारी) वाचताना ती कोणत्या रेडची आहे ते बघा. मोल्टन कोर या रेडमध्ये रॅग्नारोस या बॉसला आग लागतच नाही, म्हणून तिथे मेज फ्रॉस्ट (बर्फाचे स्पेल) खेळतात. नॅक्सरामस या नंतरच्या रेडपर्यंत पोचलेला तोच मेज फायरवर जातो. वॉरलॉकचं आणखी वेगळं: क्लासिकमध्ये बॉसवर एका वेळी 16 च डीबफ (शत्रूवर टिकून राहणारे वाईट परिणाम) मावायचे आणि रेडमध्ये माणसं 40. त्यामुळे करप्शन (हळूहळू डॅमेज करणारा, डीबफची जागा घेणारा स्पेल) लावू नका, असं वॉरलॉकना बजावलं जायचं. त्यांचं अर्धं हत्यार काढून घ्यायचं आणि वर क्लासला नावं ठेवायची, हे बरोबर नाही.

ड्युएलवरून (दोन खेळाडूंच्या झुंजीवरून) तर काहीच ठरवू नका. रोग (Rogue, लपून वार करणारा क्लास) तुम्हाला हरवतो तेव्हा त्याने बहुधा इव्हेजन (वार चुकवणं) आणि व्हॅनिश (अदृश्य होणं) दोन्ही खर्च केलेले असतात, आणि दोन्ही पाच मिनिटांच्या कूलडाउनवर जातात, म्हणजे तोवर पुन्हा वापरता येत नाहीत. रेडमध्ये किंवा बॅटलग्राउंडमध्ये (खेळाडूंच्या दोन संघांच्या लढाईत) पुढचा शत्रू तेवढा वेळ थांबत नाही.

एवढं करूनही क्लास मागेच असेल तर तक्रार जरूर करा, पण पुराव्यासकट. सारख्या गिअरच्या दोन खेळाडूंचे एकाच बॉसवरचे लॉग (लढाईच्या नोंदी) जोडा, लढाई किती वेळ चालली ते लिहा. एका रात्रीच्या आकड्यावर विसंबू नका. क्रिट बसणं न बसणं बरंचसं नशिबावर असतं. तीन-चार आठवड्यांचे लॉग शेजारी शेजारी ठेवा आणि त्यातही फरक कायम दिसला तर आवाज उठवा.