कॉम्प्युटर अचानक स्लो झाला? ‘फॉरमॅट मारा’ म्हणण्याआधी या चुका टाळा

गेल्या वर्षी जूनमध्ये तालुक्यातल्या एका दाखले केंद्रातून फोन आला. “दादा, लगेच येता का? कॉम्प्युटर पार बसलाय. काल संध्याकाळपर्यंत छान पळत होता.” प्रवेशाचे दिवस. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेयर, यासाठी बाहेर रांग लागलेली. मी पोचेपर्यंत केंद्र चालवणाऱ्या ताईंनी चार वेळा रीस्टार्ट करून पाहिलं होतं, रांगेतल्या एका मुलाने मदत म्हणून स्पीड वाढवणारं कुठलंसं सॉफ्टवेअर टाकून दिलं होतं, आणि शेजारच्या झेरॉक्सवाल्याचा सल्ला तयार होता: “फॉरमॅट मारा, नव्यासारखा होईल.”

मी आधी नुसता कॅबिनेटजवळ कान नेला. दर दोन-तीन सेकंदांनी आतून टक्, टक् आवाज येत होता. मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडला, म्हणजे कॉम्प्युटरचा कुठला भाग किती राबतोय ते दाखवणारी विंडोजची खिडकी. तो उघडायलाच दोन मिनिटं गेली. सीपीयू, म्हणजे प्रोसेसर, ६ टक्के, मेमरी निम्मी, डिस्क मात्र १०० टक्के. परफॉर्मन्सच्या पानावर डिस्कचा वाचण्याचा वेग सेकंदाला १ एमबीच्याही खाली, आणि ‘ॲव्हरेज रिस्पॉन्स टाइम’ साडेचार हजार मिलिसेकंद. धडधाकट हार्ड डिस्कवर हा आकडा एरवी दहा-वीस असतो, खूप काम पडलं तर शेकड्यात जातो. इथे डिस्क जिवाच्या आकांताने राबत होती आणि हाती काही लागत नव्हतं. ती शेवटच्या घटका मोजत होती. त्या क्षणी फॉरमॅट मारला असता तर चार वर्षांचे अर्ज, स्कॅन, हिशेबाच्या एक्सेल फाइल्स, सगळं एका दुपारी गेलं असतं, आणि कॉम्प्युटर तरीही स्लोच राहिला असता.

म्हणून पहिली आणि सगळ्यात महागात पडणारी चूक ही, की स्लोपणाचं कारण न बघता त्याच्यावर इलाज सुरू करणं. वर्षभरात हळूहळू मंदावलेला कॉम्प्युटर आणि काल बरा असून आज बसलेला कॉम्प्युटर, ही दोन वेगळी दुखणी आहेत. अचानक झालंय म्हणजे काहीतरी बदललंय. काय बदललं ते शोधायचं.

डिस्कचा संशय असेल तर आधी कॉपी

हार्ड डिस्कमध्ये एखादी जागा खराब झाली की डिस्क ती पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करते, आणि तोपर्यंत अख्खं विंडोज तिच्या दारात ताटकळत उभं राहतं. माउस हलतो, पण क्लिकला उत्तर नाही. मिनिटभराने सगळ्या खिडक्या एकदम उघडतात. हे लक्षण दिसलं की क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर चालवून बघा. निळ्याऐवजी पिवळा किंवा लाल रंग दिसला, ‘रिअॲलोकेटेड सेक्टर्स’ किंवा ‘करंट पेंडिंग सेक्टर’ यांच्यासमोर ‘रॉ व्हॅल्यूज’च्या रकान्यात शून्य सोडून दुसरा आकडा दिसला आणि तो वाढत असला, तर डिस्कवर आता भरवसा ठेवू नका.

इथे लोक तीन गोष्टी करतात आणि तिन्ही घातक आहेत. कोणी डीफ्रॅग लावतं, म्हणजे विखुरलेल्या फाइल्सची डिस्कवर नव्याने मांडणी. कोणी चेकडिस्क ही विंडोजची डिस्क-तपासणी दुरुस्तीच्या पर्यायासह रात्रभर चालवून ठेवतं. त्यात डिस्कची प्रत्येक जागा वाचली जाते, म्हणजे मरणाऱ्या डिस्कला मॅरेथॉनला उतरवणं झालं. आणि कोणी घाईत फाइल्स कट करून पेस्ट करतं. कट नको, कॉपीच करा. तीही सगळा ड्राइव्ह एकदम उचलून नव्हे. जे पुन्हा मिळणार नाही ते आधी घ्या: हिशेब, कागदपत्रं, घरचे फोटो. सिनेमे, गाणी, सॉफ्टवेअर शेवटी. पुन्हा पुन्हा बंद-चालू करू नका, कारण पुढच्या खेपेला ती उठेलच असं नाही. जमत असेल तर डिस्क काढून दुसऱ्या चांगल्या कॉम्प्युटरला जोडून कॉपी करा. खराब डिस्कवरूनच विंडोज चालवण्याचा ताण तेवढा कमी होतो.

ताईंच्या डिस्कवरून महत्त्वाचं सगळं यायला सहा तास लागले. तिसऱ्या दिवशी मी सहज जोडून पाहिली, तर ती ओळखलीही गेली नाही.

कधी कधी डिस्क निर्दोष असते आणि तिची डेटा केबल सैल किंवा खराब असते. क्रिस्टलडिस्कइन्फोच्या त्याच यादीत ‘सीआरसी एरर काउंट’, म्हणजे डेटा जाता-येता झालेल्या चुकांचा आकडा, वाढताना दिसला तर आधी केबल बदलून बघा. ती शे-दोनशे रुपयांत मिळते, आणि तेवढ्यावर हजारो रुपयांचा खर्च वाचलेला मी पाहिलाय.

शटडाउन केलं म्हणजे नव्याने सुरू झालं, हा समज

टास्क मॅनेजरमध्ये सीपीयूच्या पानावर खाली ‘अप टाइम’ असतो. रोज संध्याकाळी शटडाउन करणाऱ्याच्या कॉम्प्युटरवरही तिथे १९ दिवस, २६ दिवस असे आकडे दिसतात आणि माणूस चक्रावतो. विंडोज ८ पासून आलेल्या ‘फास्ट स्टार्टअप’मुळे हे होतं. शटडाउन करताना विंडोज आपला गाभा डिस्कवर साठवून ठेवतं आणि सकाळी तोच उचलतं. त्यामुळे अडकलेला ड्रायव्हर (प्रिंटर, वायफाय वगैरे चालवणारा छोटा प्रोग्राम) अडकलेलाच राहतो. खरी नवी सुरुवात हवी असेल तर ‘शटडाउन’ नको, ‘रीस्टार्ट’ निवडा. डिस्क आवाज करत नसेल तर हा उपाय सगळ्यात आधी, आणि एकदाच.

दिवाळीच्या किंवा मे महिन्याच्या सुट्टीनंतर शाळेतला, ऑफिसातला कॉम्प्युटर उघडला की तो हमखास रडतखडत चालतो. साठलेले अपडेट उतरत असतात, विंडोजचा स्वतःचा अँटीव्हायरस, डिफेंडर, तपासणी करत असतो. टास्क मॅनेजरमध्ये ‘विंडोज मॉड्यूल्स इन्स्टॉलर वर्कर’ किंवा ‘अँटीमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल’ वर दिसत असेल तर तासा-दोन तासांसाठी त्याला सोडून द्या. यात बटण दाबून धरून किंवा प्लग ओढून बंद केलं, तर अपडेट अर्धवट राहतं आणि विंडोज बिघडायची वेळ येऊ शकते.

आणि हो, इंटरनेट स्लो आणि कॉम्प्युटर स्लो यात गल्लत नको. नेट बंद करून एखादी वर्डची फाइल उघडा. ती चटकन उघडली तर तक्रार केबलवाल्याकडे न्यायची आहे.

रिफ्रेश, टेम्प, प्रीफेच

आपल्याकडे कॉम्प्युटर सुरू झाला की डेस्कटॉपवर राइट क्लिक करून पाच-सहा वेळा ‘रिफ्रेश’ मारायची सवय क्लासपासूनच लागते. रिफ्रेशने फक्त पडद्यावरचे आयकॉन पुन्हा मांडले जातात. मेमरी मोकळी होत नाही, वेग वाढत नाही. तात्पुरत्या फाइल्सचा टेम्प फोल्डर रिकामा केल्याने जागा मिळते, ते ठीक. पण प्रीफेच फोल्डर पुसू नका. कुठला प्रोग्राम कसा लवकर उघडायचा याची टिपणं विंडोज तिथे ठेवतं. ती पुसली की पुन्हा तयार होईपर्यंत तेच प्रोग्राम उलट सावकाश उघडतात.

रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंग्जची नोंदवही) क्लीनर, रॅम बूस्टर, एका क्लिकमध्ये स्पीड दुप्पट, असलं काही टाकू नका. रजिस्ट्री साफ करणाऱ्या सॉफ्टवेअरना मायक्रोसॉफ्टचाही पाठिंबा नाही. दोन अँटीव्हायरस एकाच वेळी ठेवणंही तितकंच वाईट, कारण प्रत्येक फाइल दोघंही तपासायला धावतात. क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर टाकल्यानंतर कॉम्प्युटर बसला असेल तर ते निमित्त मुळीच हलक्यात घेऊ नका. काही घुसखोर प्रोग्राम तुमच्या सीपीयूवर दुसऱ्यासाठी क्रिप्टो चलन कमावतात, आणि टास्क मॅनेजर उघडला की गप्प बसतात. पंखा जोरात फिरतोय आणि टास्क मॅनेजर उघडताच शांत होतोय, असं वारंवार दिसलं तर डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन करा. ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे, या नंबरवर फोन करा’ अशी पाटी झळकली तर फोन अजिबात करू नका. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.

सी ड्राइव्ह काठोकाठ भरला तरी विंडोज गुदमरतं. सेटिंग्जमधल्या ‘स्टोरेज’मध्ये जाऊन काय जागा खातंय ते बघा, हाताने विंडोज फोल्डरमधल्या फाइल्स उडवू नका.

लॅपटॉप असेल तर चार्जर आणि उष्णता

हे दुकानातही बरेचदा राहून जातं. टास्क मॅनेजरमध्ये सीपीयूचा ‘स्पीड’ बघा. ‘बेस स्पीड’ अडीच गिगाहर्ट्झच्या आसपास आणि काम चालू असतानाही चालता स्पीड ०.४ किंवा ०.८ वर चिकटून बसलाय, तर गाडी पहिल्या गिअरमध्ये अडकलीय. एखाद्या कॉलेजच्या पोराचा लॅपटॉप नेमका परवापासून स्लो असतो, आणि परवाच त्याने रूममेटचा चार्जर लावलेला असतो. काही लॅपटॉप आपला चार्जर ओळखतात. अनोळखी किंवा कमी वॉटचा लागला की प्रोसेसरचा वेग मुद्दाम पाडतात. मूळ चार्जर लावा, फरक तिथल्या तिथे दिसेल.

चार्जर बरोबर असेल तर उष्णता. गादीवर ठेवून वापरलेल्या लॅपटॉपच्या जाळीत धुळीचा अक्षरशः नमदा तयार होतो. प्रोसेसर तापला की स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं काडीने अडवून धरा, नाहीतर तो भरमसाट फिरून त्याचं बेअरिंग जातं. टचपॅड किंवा बूड फुगलेलं दिसलं तर बॅटरी फुगलीय. चार्जिंग बंद करा आणि तसाच दुकानात न्या.

डेस्कटॉपवर एक गोष्ट अवश्य तपासा: मेमरी पूर्ण दिसतेय का? मेमरीच्या, म्हणजे रॅमच्या, दोन पट्ट्यांपैकी एक सैल झाली की ८ जीबीच्या जागी ४ जीबी दिसते, आणि कॉम्प्युटर सुरू तर होतो पण रांगत चालतो. प्लग काढा, हात आधी कॅबिनेटच्या पत्र्याला लावा, रॅम काढून तिचे सोनेरी दात स्वच्छ पांढऱ्या खोडरबराने हलके पुसा, कण झटका आणि दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या लागेपर्यंत बसवा.

दुकानात देताना

“स्लो आहे, बघा” एवढंच सांगू नका. कधीपासून, त्याआधी काय टाकलं, कधी वीज गेली, सगळं सांगा. ‘विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नये’ हे जॉब कार्डावर लिहून घ्या. हार्ड डिस्क बदलायचीच असेल तर एसएसडी (फिरती चकती नसलेली, वेगवान डिस्क) घ्या, जुन्या मशीनलाही तिने जो फरक पडतो तो रॅम वाढवूनही सहसा पडत नाही.

जुनी डिस्क मात्र दुकानात सोडू नका, आणि भंगारातही देऊ नका. ताईंच्या त्या डिस्कवर तालुक्यातल्या शेकडो माणसांच्या आधारच्या, रेशन कार्डाच्या प्रती होत्या. डिस्क चालत नसल्यामुळे ती पुसणं शक्य नव्हतं. केंद्राच्या मागच्या पडवीत आम्ही ती विटेवर ठेवली आणि ड्रिल मशीनने तिच्यात आरपार चार भोकं पाडली.