आजाऱ्याच्या उशाशी बसून काय बोलायचं

नगरच्या आमच्या ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, महिला मंडळाबरोबर आजाऱ्यांच्या गृहभेटींना नव्याने येणाऱ्या मुली दारातच विचारतात, "काकू, तिथं बोलायचं काय?" मी आयुष्यभर वॉर्डात नर्स होते, त्यामुळे पेशंटला भेटायला आलेली माणसं काय काय बोलून जातात ते भरपूर ऐकलंय. फळांची पिशवी ठेवून मुकाट बसलेला माणूस पेशंटला सोसतो. बोलणारा सोसतोच असं नाही.

म्हणून पहिलं काम, गप्प बसणं. बायबलमधल्या दुखणाईत ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून होते, एक शब्द बोलले नाहीत. तोवर त्यांचं सगळं बरोबर चाललं होतं. बिघडलं ते तोंड उघडल्यावर. तुम्हाला सात दिवस बसायचं नाही, पाच मिनिटं बसा. खुर्ची ओढून पेशंटच्या डोळ्यांच्या पातळीवर या, पलंगावर टेकू नका, सलाईनचा हात हलतो. मग विचारा, "प्रार्थनेत काय मागू?" हे विचारायचं राहून जातं. आपण बरं होण्यासाठी मागत सुटतो आणि बाईला काळजी असते ती धाकटीच्या फीची, नाहीतर रात्री झोप लागत नाही त्याची. ती जे सांगेल तेच मागा, तिच्याच शब्दांत, तिचं नाव घेऊन.

आता थोडं खोलात जाते, कारण घोळ इथंच होतो. जिभेच्या हाती जीवन आणि मरण आहे, हे बायबलमधलं वचन, नीतिसूत्रे १८:२१, सगळ्यांना पाठ असतं. त्याला येशूचं मार्क ११:२३ मधलं वचन जोडायचं, डोंगराला "उपटून समुद्रात पड" म्हणण्याचं, आणि निष्कर्ष काढायचा की तोंडाने जे बोलाल ते घडतं. अमेरिकेत केनेथ हेगिन (१९१७–२००३) यांनी ही शिकवण जोरात पसरवली, त्यांच्याआधी ई. डब्ल्यू. केनयन यांनी तिचा पाया घातला, आणि टीव्ही-यूट्यूबवरून ती आपल्या घराघरांत आली. मग "मला शुगर आहे" असं म्हणायचीही चोरी! म्हणे कबुली दिली की आजार पक्का होतो. गोळी घेताना बाई इकडेतिकडे बघते, जणू गोळी घेणं म्हणजे अविश्वास.

अशा घरात वाद घालू नका, पवित्र शास्त्र उघडा. प्रेषित पौलाने त्याचा सहकारी एपफ्रदीत मरणाच्या दारी पोचला होता हे लपवलं नाही, साफ लिहिलं (फिलिप्पै २:२७). दुसऱ्या सोबत्याला, त्रफिमाला, आजारी म्हणून मिलेतात ठेवून आलो, हेही लिहिलं. तरुण शिष्य तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं, आणि स्वतःच्या शरीरातल्या काट्यासाठी, म्हणजे न जाणाऱ्या त्रासासाठी, तीनदा विनंती केली तरी तो काटा राहिलाच. आजाराचं नाव घेतल्याने पौलाचा विश्वास कमी झाला असं कुणी म्हणेल का? मार्कच्या त्याच वचनाच्या आधी प्रभू येशूने "देवावर विश्वास ठेवा" म्हटलंय. शब्दाचं बळ ज्याला आपण हाक मारतो त्याचं आहे. गेथशेमाने बागेत, धरलं जाण्याआधी, खुद्द प्रभूने आधी मनातली इच्छा मोकळेपणी सांगितली, मगच "माझ्या इच्छेप्रमाणे नको" म्हटलं. प्रार्थनाही त्याच क्रमाने करा. आजाराचं नाव घ्या, गाठ असेल तर गाठ म्हणा, बरं कर म्हणून बिनधास्त मागा, डॉक्टरांसाठी आणि औषधासाठी मागा, आणि बाकीचं त्याच्या हाती द्या. औषध बंद करायला सांगणाऱ्याबरोबर मी तरी गृहभेटीला जात नाही.

वचन निवडताना लांब अध्याय नको. २३वं स्तोत्र चालतं, १२१वं आठच वचनांचं आहे, रात्रीची भीती वाटणाऱ्याला फार उपयोगी. दुखणं महिनोन्‌महिने चाललं असेल तर १३वं काढा. त्यात "कोठवर?" असं देवालाच विचारलंय, आणि ते ऐकून पुष्कळांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा सुटका दिसते. ९१वं जपून वाचा. "कोणतीही पीडा जवळ येणार नाही" हे केमो चाललेल्या माणसाला आरोपासारखं लागतं. म्हाताऱ्यांच्या बाबतीत वाचण्यापेक्षा 'उपासना संगीत' या आपल्या गीतपुस्तकातलं रेव्हरंड ना. वा. टिळकांचं नाहीतर कृष्णराव सांगळ्यांचं एखादं पद हळू म्हणा. नातवंडांची नावं विसरलेली आजी दुसऱ्या ओळीला सूर लावते. शुद्धीत नसलेल्या पेशंटशीही कानाजवळ, हळू, नाव घेऊन बोला. ऐकू येत असू शकतं, असंच आम्हाला शिकवलंय. म्हणून त्याच्या उशाशी "आता काही खरं नाही" ही कुजबुज नको.

काही वाक्यं गिळायचीच. "तुझा विश्वास कमी पडला." "कुठलं पाप लपवलंयस का बघ." जन्मांधाबद्दल शिष्यांनी हेच विचारलं होतं, आणि प्रभूने त्यांना तिथंच थांबवलं (योहान ९). "आमच्या नणंदेला अगदी असंच झालं होतं..." हेही नको, कारण त्या गोष्टीत नणंद वाचलेली नसते.

निघताना आशीर्वाद द्या. बायबलच्या गणना पुस्तकातल्या ६:२४ पासूनच्या तीन ओळी पाठ असू द्या: "परमेश्वर तुला आशीर्वाद देवो आणि तुझे संरक्षण करो..." डोक्यावर हात ठेवू का, हे आधी विचारा, आणि टाके असतील तिथं हात नेऊ नका. आवाज शेजारच्या बेडला त्रास होणार नाही इतका. आपला देवबाप बहिरा नाही.

जिन्यात आल्यावर तोंड सैल सुटतं, तेव्हा आणखी जपा. "प्रार्थनेसाठी सांगते हं" म्हणत अख्खा रिपोर्ट मंडळीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकणं ही चहाडीच. घरच्यांना विचारून, ते म्हणतील तेवढंच लिहा. आणि "पुन्हा येते" असं म्हणालात तर वारही सांगा, आणि त्या वारी जा. जमणार नसेल तर "फोन करीन" म्हणा, आणि तो करा.