इंजेक्शन मारायच्या आधी तळ्याचं पाणी सुधरवा (रोहू-कटलाचं बीज, म्हणजे तळ्यात सोडायची पिल्लं, काढणाऱ्यांसाठी)

जूनमध्ये रोहूला अंडी सोडायचं हार्मोनचं इंजेक्शन मारलं, रात्रभर हाप्यापाशी (पाण्यात बांधलेल्या कापडी पेटीपाशी) टॉर्च घेऊन बसलो आणि सकाळी बघतो तर मूठभर अंडी, तीपण पांढरी पडलेली. आमच्या चोपड्याकडच्या शेततळ्यात पहिल्या वर्षी हेच झालं. मी औषधाच्या बाटलीची तारीख बघत बसलेलो, तेवढ्यात शेजारचे आबा आले, पाण्यात हात घातला, वास घेतला आणि म्हणाले, "पानी खराब शे भाऊ."

त्यांचं खरं होतं. रोहू, कटला, मृगळ साचलेल्या पाण्यात अंडी देत नाहीत, पोटात अंडी तयार होतात पण सोडायला त्यांना तापीला येतो तसा पूर लागतो. पुराचं नवं पाणी आलं की मेंदू त्याच्या खालच्या पिट्युटरी ग्रंथीला निरोप देतो, ती रक्तात हार्मोन सोडते आणि मग अंडी पिकून सुटतात. १९५७ मध्ये मत्स्यशास्त्रज्ञ हिरालाल चौधरींनी ओडिशात पिट्युटरीचा अर्क टोचून हेच पुराशिवाय करून दाखवलं, आजची इंजेक्शनं त्याच वाटेवरची. पण इंजेक्शन फक्त शेवटची पायरी चढवतं. अंड्यात बलक भरतो तो त्याआधीच्या महिन्यांत, अंडाशयातलं इस्ट्रोजेन (मादीचं हार्मोन) यकृताला सांगतं, यकृत बलकाचं प्रोटीन बनवतं आणि ते रक्तातून अंड्यात जातं. त्या काळात पाणी खराब असलं की मासा ताणात राहतो, कॉर्टिसोल हे ताणाचं हार्मोन चढतं, इस्ट्रोजेन उतरतं, बलक अर्धवट राहतो, आणि कधीकधी भरलेली अंडीसुद्धा मासा परत अंगात जिरवून टाकतो. मग जूनमध्ये कितीही एमएल टोचा.

म्हणून काम फेब्रुवारीपासून सुरू करा. सगळ्यात आधी ऑक्सिजन, आणि तो दुपारी मोजू नका, दुपारी शेवाळामुळे हिरवं पाणी उन्हात छानच आकडा दाखवतं. पहाटे पाचला काठावर जा. मासे तोंड वर काढून चुपचुप करत असतील तर रात्रभर त्यांचा श्वास कोंडला होता असं समजा. ऑक्सिजन कमी पडला की इस्ट्रोजेन बनवणारं एन्झाइमच मंदावतं, म्हणजे मासा मरत नाही, धष्टपुष्ट दिसतो, पण आतून रिकामा. ब्रूडरच्या (बीजासाठी ठेवलेल्या नर-माद्यांच्या) तळ्यात पहाटेही लिटरला ५ मिलिग्रॅम ठेवायचा प्रयत्न करा, रात्री दोन-अडीचपासून उजाडेपर्यंत एरेटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) चालवा, आणि लाइटचा भरवसा नसेल (आपल्याकडे नसतोच) तर मासेच कमी ठेवा.

दुसरं ऊन. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ ला टेकतो आणि चार फूट पाण्याचा काढा होतो, या माशांना अंडी द्यायला साधारण २७ ते ३० अंश मानवतं. सहा-सात फूट पाणी टिकवा. बोअरचं पाणी सोडताना पाइप उंच धरा, फवारा करून पाडा, कारण जमिनीतून आलेल्या पाण्यात ऑक्सिजन जवळजवळ नसतो.

मग अमोनिया. उरलेलं खाद्य आणि विष्ठा तळाला कुजते त्यातून तो येतो. ३० अंशाला पीएच ७.५ असेल तर त्यातला अडीच टक्के भागच विषारी असतो, पीएच ९ झाला की तोच ४५ टक्क्यांच्या आसपास जातो. म्हणून वास मारणाऱ्या तळ्यात कोणी सांगितलं म्हणून चुना ओतू नका, पीएच वाढेल आणि मासे जातील. आधी खाद्य थांबवा, तळाचं पाणी काढा, नवं भरा.

आणि हे हात जोडून सांगतो, कपाशीवर फवारलेला पंप तळ्यात धुवू देऊ नका. आमच्याकडे एकदा मजुराने धुतला, मासे मेले नाहीत म्हणून आम्ही सोडून दिलं, त्या वर्षी नरांना मिल्ट (वीर्य) नव्हतं. नक्की त्यानेच झालं असं मी छातीठोक सांगत नाही, पण बरीच कीटकनाशकं माशाच्या हार्मोनमध्ये लुडबुड करतात हे खरं आहे. गावाच्या गटारीचं पाणीही नको, माणसाच्या लघवीतून इस्ट्रोजेन त्यात उतरतं, इंग्लंडच्या नद्यांत तर सांडपाण्यामुळे नर माशांच्या रक्तात बलकाचं प्रोटीन सापडलं.

जूनमध्ये पहिला चांगला पाऊस झाला की मासा हातात घेऊन बघा. नराचा छातीजवळचा पर चाचपला की खरखरीत लागतो, पोट हलकं दाबलं की दुधासारखं मिल्ट येतं. मादीचा पर गुळगुळीत, पोट मऊ, गुदद्वार गुलाबी सुजलेलं. पोट नुसतं मोठं पण टणक असेल तर ती मादी तयार नाही, तिला परत सोडा. इंजेक्शन संध्याकाळी, डोस बाटलीवरच्या चिठ्ठीप्रमाणे वजनावर. अंडी पाणी पिऊन मोत्यासारखी फुगली की हाप्यात नितळ पाणी फिरतं ठेवा, २७-३० अंशाला १४ ते १८ तासांत मत्स्यजिरे (अंड्यातून नुकती निघालेली पिल्लं) दिसतात.