ड्रॅग रेसचं लायसन्स: आधी डॉक्टर, मग अर्ज

ड्रॅग रेसमध्ये, म्हणजे सरळ ट्रॅकवरच्या कमी अंतराच्या वेगाच्या शर्यतीत उतरायचं तर आरटीओचं लायसन्स पुरत नाही. एफएमएससीआय या मोटरस्पोर्टच्या राष्ट्रीय संघटनेचं स्पर्धा लायसन्स लागतं. अर्ज ऑनलाइन असल्याने नाशिकमध्ये घरी बसून होतो. पण बहुतेक मुलं आधी फॉर्म उघडतात आणि वैद्यकीय दाखल्यापाशी अडकतात. माझेही त्यात चार दिवस गेले होते, म्हणून हा क्रम:

१. रक्तगटाचा लेखी रिपोर्ट घ्या. तोंडी सांगितलेल्या रक्तगटावर विसंबू नका, अपघातात लेखी रिपोर्टच कामाला येतो.

२. वैद्यकीय फॉर्मची प्रिंट काढून एमबीबीएस डॉक्टरांकडे न्या. सही, शिक्का आणि नोंदणी क्रमांक, तिन्ही तिथेच तपासा. शिक्क्यातला क्रमांक पुसट असेल तर पेनाने लिहून मागा. खरी मेख इथेच असते.

३. फोटो, आधार, वाहन चालवण्याचा परवाना आणि हा दाखला स्कॅन करून एकाच फोल्डरमध्ये ठेवा. मग अर्ज भरा. बाईक आणि कारचे प्रकार वेगळे असतात, नीट बघून निवडा.

लायसन्स ३१ डिसेंबरला संपतं, कधीही काढा. त्यामुळे जानेवारीत काढलेलं सगळ्यात स्वस्त पडतं.

आणि कळकळीने सांगतो, सराव गंगापूर रोडवर किंवा हायवेवर नको. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ नुसार पहिल्याच गुन्ह्याला ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.