जुन्या विंडोजचं नाव आणि प्रत्यक्ष मशीन: या चुका टाळा

लग्नसराईच्या तोंडावर एका छापखान्यातून फोन आला. पेनड्राइव्हमधल्या पत्रिका उघडत नव्हत्या. गेलो तर टेबलावर जुना संगणक, त्यात विंडोज एक्सपी, पानं मांडायचं पेजमेकर हे सॉफ्टवेअर आणि जुने मराठी फॉन्ट. मालक म्हणाले, "भाऊ, व्हायरस कुठून येणार? याला इंटरनेटच नाही. आणि एक्सपीइतकं दणकट दुसरं काही नव्हतं." त्याच संध्याकाळी दुसऱ्या गिऱ्हाइकाने ऐकवलं, "एक्सपी? ते तर व्हायरसचं माहेरघर."

दोघंही कानावर आलेलंच बोलत होते. ऑपरेटिंग सिस्टिमचं सुरक्षेतलं नाव चांगलं असो वा वाईट, ते एका काळात, एका आवृत्तीमुळे पडलेलं असतं. पुढे काळ बदलतो, सेटिंग बदलतात, नाव मात्र तेच चालत राहतं. त्या नावावर विसंबल्याने होणारं नुकसान मी वर्षानुवर्षं बघतो आहे, म्हणून हे लिहितो.

एक्सपी म्हणजे एकच एक्सपी समजणं

२००१ साली आलेल्या एक्सपीत फायरवॉल (नेटवरून येणारी नको ती जोडणी अडवणारी सोय) होती, पण ती आपोआप चालू नसायची. ऑगस्ट २००३ मध्ये ब्लास्टर हा नेटवरून आपोआप पसरणारा व्हायरस आला तेव्हा कुणी काही उघडायचीही गरज नव्हती. नेटची केबल जोडलेली असली की पुरे, पडद्यावर साठ सेकंदांची उलटी मोजणी सुरू व्हायची आणि मशीन बंद पडायचं. त्यावरचा पॅच, म्हणजे त्रुटी बुजवणारी दुरुस्ती, जुलैमध्येच निघाला होता. ऑगस्ट २००४ च्या सर्व्हिस पॅक २ (दुरुस्त्यांचा एकत्रित संच) पासून फायरवॉल मुळातच चालू येऊ लागली. म्हणजे नाव तेच, पण दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक.

म्हणून जुन्या सीडीवरून एक्सपी नव्याने टाकून लगेच नेट जोडू नका. आधी माय कॉम्प्युटरच्या प्रॉपर्टीजमध्ये कोणता सर्व्हिस पॅक आहे ते बघा.

बदनामी एक्सपीची, फटका विंडोज ७ ला

१२ मे २०१७ ला वॉनाक्राय हा फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस पसरला, तेव्हा खापर एक्सपीवर फुटलं. आमच्याकडे कितीतरी जण निर्धास्त होते, "आपल्याकडे तर ७ आहे." कॅस्परस्की या अँटिव्हायरस कंपनीने मोजलं तेव्हा बाधित मशीनांपैकी सुमारे ९८ टक्के विंडोज ७ ची निघाली. एक्सपीची मशीनं या हल्ल्यात बहुतेकदा निळा पडदा दाखवून कोलमडत होती, त्यामुळे ती पुढे फारशी लागणही देत नव्हती. विंडोज ७ साठीचा पॅच १४ मार्चलाच आला होता. दोन महिने हातात होते. ज्यांनी अपडेट 'नंतर बघू' म्हणून ठेवलं, ते सापडले. एक्सपीचा आधार, म्हणजे मायक्रोसॉफ्टकडून मिळणारी अपडेट, ८ एप्रिल २०१४ ला संपला होता, तरी मायक्रोसॉफ्टला त्याच्यासाठीही घाईघाईने पॅच काढावा लागला.

दीड महिन्याने, २७ जूनला, नॉटपेट्या नावाचा दुसरा व्हायरस आला. युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून तो शिरला आणि आपल्या न्हावाशेव्यात मर्स्क हा जहाजवाहतुकीतला समूह चालवत असलेल्या टर्मिनलपर्यंत पोचला. तो आतल्या मशीनमधून पासवर्ड उचलून पुढे सरकायचा, त्यामुळे पॅच लावलेली मशीनंही वाचली नाहीत. 'नवी विंडोज आहे' एवढ्यावर थांबू नका, हे मी एवढ्यासाठीच जीव तोडून सांगतो. फाइल शेअरिंगसाठी विंडोज वापरते त्या एसएमबी या पद्धतीची पहिली आवृत्ती बंद करा आणि सगळ्या मशीनना एकच अॅडमिन पासवर्ड ठेवू नका.

"इंटरनेट नाही, म्हणजे धोका नाही"

आता त्या छापखान्याकडे. पेनड्राइव्ह लावला, 'लग्नपत्रिका' नावाचा पिवळा फोल्डर दिसत होता. व्ह्यूमध्ये डिटेल्स निवडलं. 'टाइप'च्या रकान्यात फाइल फोल्डर असायला हवं होतं, तिथे लिहिलेलं होतं 'अॅप्लिकेशन'. चित्र फोल्डरचं, आत प्रोग्रॅम. खरे फोल्डर लपवून ठेवलेले. विंडोज फाइलच्या नावाचं शेपूट (.exe, .doc असा शेवटचा भाग) मुळातच लपवते, म्हणून फसायला होतं. ऑपरेटरने रोज त्यावर डबल क्लिक केलं, आणि जो जो पेनड्राइव्ह त्या मशीनला लागला तो लागण घेऊन बाहेर गेला.

एक्सपीतलं ऑटोरन (पेनड्राइव्ह लावताच त्यातला प्रोग्रॅम आपोआप चालवायची सोय) तर पेनड्राइव्हवरच्या व्हायरसला आयतं कुरण होतं. २००८ चा कॉन्फिकर हा व्हायरसही पुढे याच वाटेने पसरला. २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टने अपडेट देऊन ही सोय आवळली. छापखान्यातल्या मशीनला नेटच नव्हतं, म्हणून ते अपडेट तिथवर पोचलंच नाही.

अशा वेळी पेनड्राइव्ह फॉरमॅट करू नका, मजकूर आतच असतो. तो लिनक्स या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या मशीनवर उघडा. लपवलेले फोल्डर तिथे बहुधा सरळ दिसतात. मजकूर काढून घ्या, मगच पेनड्राइव्ह पुसा.

सर्टिफिकेटची सूचना डावलणं

जुन्या मशीनवर बँकेची साइट उघडताना सर्टिफिकेटची (साइट खरी असल्याच्या दाखल्याची) तक्रार आली की लोक 'पुढे चला' दाबतात. आधी घड्याळ बघा. मदरबोर्डवरचा बटणासारखा सेल संपला की तारीख कित्येक वर्षं मागे जाते आणि सगळीच सर्टिफिकेटं खोटी ठरतात. सेल बदलला, तारीख नीट केली, तरी तक्रार येतेच? मग एक्सपीतल्या इंटरनेट एक्सप्लोररला आजचं एन्क्रिप्शन (माहिती सांकेतिक करून पाठवणं) येतच नाही, असं समजा. एक्सपीसाठी क्रोमही २०१६ मध्ये थांबला. तिथे पैशांचा व्यवहार अजिबात करू नका.

व्हिस्टा आणि मॅक

एक्सपीनंतर आलेल्या विंडोज व्हिस्टाला लोकांनी फार शिव्या घातल्या. पण दर वेळी परवानगी विचारणारी ती खिडकी एक्सपीपेक्षा मोठी सुधारणा होती. कटकट म्हणून ती बंद करणाऱ्यांनी सुरक्षा हाताने काढून टाकली. आजच्या विंडोजमध्येही ती बंद करू नका. मॅकला व्हायरस येत नाही, हा समज २०१२ मध्ये फ्लॅशबॅक नावाच्या व्हायरसने मोडला. ओरॅकल कंपनीच्या जावा या सॉफ्टवेअरमधल्या त्रुटीतून सुमारे सहा लाख मॅक बाधित झाले. ओरॅकलची दुरुस्ती फेब्रुवारीत आली होती, अॅपलने ती मॅकवर द्यायला एप्रिल उजाडला.

छापखान्याचा एक्सपी मी काढून टाकला नाही. त्या फॉन्टवर त्यांचं बारा वर्षांचं काम आहे. हार्ड डिस्कची हुबेहूब प्रत काढली, ऑटोरन बंद केलं, फाइलींची शेपटं दिसतील असं सेटिंग केलं. गिऱ्हाइकाचा पेनड्राइव्ह आता आधी शेजारच्या लिनक्स मशीनला लागतो आणि तिथून फक्त कामाच्या फाइली एका लाल पेनड्राइव्हवर येतात. एक्सपीला तो लाल सोडून दुसरा लावायचा नाही, असं मालकांनीच पट्टीवर लिहून मॉनिटरला चिकटवलं आहे. त्यांच्या हिशेबाच्या टेबलावर विंडोज १० आहे. त्याचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे पुढचं काम त्या टेबलावर आहे.